गाडी सावलीत, पाटी उन्हात

चौतीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली.
मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कळायचा,
पण वीज म्हणजे मला तेवढं बटण ठाऊक.
फंडाच्या पैशातून जुनी चारशे सात घेतली,
मागं पत्र्याची खोली चढवली :
एक पलंग, एक खिडकी, शेगडीपुरता ओटा.
शालन आत चढून बसली, म्हणाली,
"छान की.
माझं इन्सुलिन कुठं ठेवणार ओ?"

खडेबाजारात मुश्ताक किल्लेदारनं
पॅनेल नाही दाखवलं, पेन पुढं केलं.
"वॉट मागनं, काका. आधी भूक लिवा."
हेस्कॉमच्या बिलाच्या पाठीवर लिहिली :
फ्रिज पंचेचाळीसचा, धावेल दहा तास,
पंखा रात्रभर,
दिवा जेवणापुरता.
बेरीज साडेसहाशे.
एवढ्याशा कुपीसाठी.

"टपावरच ठोकून टाकू?"
"टाका की. मग उन्हात गाडी,
उन्हात फ्रिज, उन्हात काकू.
घडीचे दोन घ्या, शंभर-शंभरचे,
वीस फूट वायर घ्या.
गाडी सावलीत, पाटी उन्हात."

पाटी म्हणाला तो.
ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांपायी
काचा फुटताना बघितल्यात मी,
तिथनं दोन पाट्या काखेत मारून निघालो,
निळ्या, कोऱ्या.
कुणी अडवलं नाही.

वायरीपाशी मात्र हात आखडला होता. पातळ स्वस्त होती.
मुश्ताक म्हणाला, लांबच्या वाटेला बारीक वायर
म्हणजे गळकी घागर,
निम्मं वाटेतच सांडतंय.
जाड घेतली.
घरी येऊन व्हर्नियर लावला. सवय.

आधी बॅटरी, मग पाटी.
सोडताना उलटं, आधी ऊन तोडायचं.
फ्यूज बॅटरीपासनं वीतभरात.
हे तीन नियम शालननं पाठ केले,
मी दारावर खडूनं लिहिले.

हिडकलच्या पाण्याकाठी पहिला मुक्काम.
बाभळीखाली गाडी, मोकळ्यावर पाट्या,
एकीची शेपटी दुसरीच्या तोंडात दिलेली,
वायर एकच, काम देखणं.
कंट्रोलरवर एकशे सत्तर.
मला वाटलं, झालो मी इलेक्ट्रिशियन.

मग आकडा कोसळला. वीस. पंधरा.
नट आवळले, प्लगा काढल्या, घातल्या,
मुश्ताकला फोन लावला, रेंज नाही.
शालन काही बोलली नाही,
फ्रिजचं दार नुसतं दाबून धरून उभी.

बाहेर मेंढरांमागची भीमव्वा
पाटीत तोंड बघत थांबलेली.
तिनंच हात केला जमिनीकडं :
"नेरळु."
सावली. तिचीच.
एका पाटीवर लुगड्याएवढी.

ती सरकली. एकशे सत्तर.
परत आली. पंधरा.
मी ओरडून आकडा सांगायचा,
ती हसायची, पुढं व्हायची, मागं व्हायची,
सत्तरीची बाई,
आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हलण्यानं
कशाचा तरी आकडा बदलत होता.

दुपारी जोडणी उसवली.
लालला लाल, काळ्याला काळी,
दोघी शेजारी, कुणी कुणाच्या मागं नाही.
"आता उभी राहा, अव्वा."
राहिली.
पंच्याऐंशी.
एक पाटी झोपली, दुसरी कामावर.
भीमव्वाला हे पटलं नाही.
मघाचं जास्त मजेचं होतं म्हणाली, कन्नडात,
आणि चहा मागितला.

तिच्या एका मेंढीनं पाटीवर पाय टाकलाच.
धावलो मी, चप्पल सोडून.

रात्री पंखा फिरतोय.
शालन सुई टोचून घेऊन झोपली,
झोपायच्या आधी म्हणाली, थंड होतं.
मी अंधारात उठून परत बघतो :
तेरा पॉइंट दोन.
परत बघतो.
तेरा पॉइंट दोन.