दुपार, चौदा पॉइंट

केंजळे प्रुफं तपासायचे नारायण पेठेत,
माझ्या टेबलाच्या डाव्या अंगाला, लाल रिफिल चावत.
समासात लिहायचे ते घाईचं, गोलसर,
ओळीला न जुमानणारं.
शिरोरेघ पुरती कधी दिलीच नाही,
शब्द संपताना एक फटकारा,
निघता निघता दार ओढून घ्यावं तसा.
थकले की ख चा रव व्हायचा.
ळ चे दोन वेढे: एक जेवलेला, एक उपाशी.

ते अक्षर मी उचललं.
जुन्या गठ्ठ्यांतून एकेक कापून, स्कॅन करून.
ङ सापडेना.
तीस वर्षांत तो कुणी चुकलाच नव्हता
की त्यांनी समासात लिहावा.
चहाच्या बिलामागे लिहून घेतला.
"कशाला हवाय?"
"हवाय."
र तीन केले, अ दोन,
लागोपाठ आले तर यंत्र लिहितंय
असं वाटायला नको म्हणून.

नाव ठेवलं दुपार.
स्वतःचं त्यांनी देऊ दिलं नाही:
"आडनाव चौदा पॉइंटात बरं दिसत नाही."

मग ते गावभर झालं.
कर्वेनगरात बरणीवर बसून म्हणालं, आईच्या हातचं लोणचं.
बिबवेवाडीच्या दवाखान्यात
घाबरू नकोस, मुंगी चावल्याइतकंच.
डोहाळजेवणाला या, जेवूनच जा.
रंग ओला आहे.
एका बँकेनं त्यात हसत हसत कर्ज दिलं,
अटी दुसऱ्या अक्षरात, बारीक.
ज्यांना साधं दिसायचं होतं
ते सगळे ते घालून आले,
इस्त्री मोडलेला कुर्ता
मुद्दाम घालावा तसे.

केंजळे निवृत्त झाल्यावर दीडेक वर्षानं
फोन आला, संध्याकाळचा.
"अलका चौकात उभा आहे. वर बघ."
मला फोनातून दिसणार असल्यासारखं.
"कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर.
माझ्या अक्षरात आशिर्वाद लिहिलंय.
शि ऱ्हस्व!
अरे, मी हे लिहिलेलं नाही.
पण सांगू कुणाला?
अक्षर माझं आहे."

मागे बसचा हॉर्न, कुणीतरी कुणालातरी सरक म्हणत होतं.
फॉन्टला काय कळतंय, केंजळे, मी म्हटलं.
ते बोलले नाहीत.
खिसा चाचपल्याची खसखस तेवढी ऐकू आली,
मग टोपण काढल्याची टिक.
बॅनर वीस फूट उंचावर असणार.

त्या रात्री दुपारची नवी आवृत्ती काढली.
वेलांटी होती तशीच ठेवली,
जो बोलावेल त्याच्याकडे ती जाणारच.
फक्त एका रिकाम्या घरात,
जिथे कुणाचं बोट सहसा जात नाही,
त्यांची वगळण्याची खूण बसवली:
एक रेघ, तिला घाईत मारलेली गाठ,
शेपूट समासाकडे वळलेलं.

अजून कुणी वापरलेली नाही.
मी कधी कधी कोऱ्या पानावर
एकदाच दाबून बघतो.