श्वासाची जागा

सकाळी सव्वानऊला फोन. उमेदवार स्वतः.
"नमस्कार वत्सलाताई, धायरीच्या पाण्याचं मी बघतो."
आवाज गोड, नाव अचूक,
टँकरचा वारसुद्धा बरोबर : मंगळवार.

ढमढेरेबाईंनी बाजीराव रस्त्याच्या एक्स्चेंजमध्ये
एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडले.
मयताची बातमी सांगण्याआधी माणूस
किती वेळ गप्प राहतो, हे त्यांच्या कानाला पाठ.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,
"बाळ, तू मध्ये श्वास कुठं घेतोस?"

पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग, "आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे."
"कुठलं मत? बटणाचं की डोक्यातलं?"
"दोन्ही," आवाज म्हणाला, आणि हसला.
हसणं छान जमलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या तन्वीरलाही तोच फोन,
त्याला पाणी नाही, गाळ्याचा परवाना.
समोरच्या लोणकरांना तिसरंच काही.
जिन्यात तिघांनी ताडून पाहिलं :
उमेदवार एक, जाहीरनामे तीन,
आणि सभा कुठंच नाही,
जिथं मागून कुणी उठून म्हणेल,
"अहो, काल तर वेगळं बोललात."

रविवारी बाईंनी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सहा, एक मोडकी.
उमेदवाराला चिठ्ठी धाडली, हातानं लिहून :
या. फोन नको.
बोलताना दम लागला तरी चालेल,
तेवढाच ऐकायचाय.

साडेपाच झाले. चहा दोनदा उकळला.
तोवर तन्वीर आणि लोणकर भांडताहेत पाण्यावरून,
मध्ये मध्ये थांबून,
श्वास घेत.