बारावी थाप

एंगादिनच्या उत्तर अंगाला
सेराइनाने खड्डा खणला, छातीइतका खोल.
भिंत हातमोज्याने पुसून घेतली
आणि बोटाने थर वाचत खाली गेली:
परवाच्या वाऱ्याने थापलेली वडी,
मग मऊ, मग पुन्हा कडक,
आणि अगदी तळाशी नोव्हेंबर,
जाड्या साखरेसारखा, मुठीत न वळणारा.

करवतीने खांब कापला. वर फावडं आडवं धरलं.
दहा थापा मनगटातून. काही नाही.
फ्लुरिन स्की बांधत म्हणाला, "बघ, धरून आहे."
मग कोपरातून. अकरा.
बारा.
वरचा ठोकळा अलगद सरकून
तिच्या मांडीवर येऊन बसला,
लाडावलेल्या पोरासारखा.

कोणी काही बोललं नाही.
समोरचा उतार ऊन खात होता, एक रेघ नसलेला.
आल्या वाटेने उतरले दोघं, झाडांतून.

आज मंगळवार. उतार अजून तिथेच आहे.
बेकरीत म्हातारा डुरी विचारतो,
"काय गं, कोसळला का तुझा डोंगर?"
ती म्हणते, नाही.
काचेपलीकडे फ्लुरिन गाडीवरचा बर्फ झाडतोय,
शीळ घालत,
बेसूर.