बारावी खुंटी

अकरा खुंट्या निघाल्या. बारावी
ओल्या चिकणमातीनं धरून ठेवली.
बाबा म्हणाले, "असू दे, तिला राहायचंय."
एरवी हसलो असतो.

तेवीस दिवस. राधानगरीच्या मागच्या पाण्याला
आम्ही समुद्रच म्हणायचो.
शलाकानं तर भरती-ओहोटीची वही ठेवलेली:
पाणी रोज दोन बोटं मागं,
पुढं एकदाही नाही.

ताडपत्री अप्पाकाकांच्या गुऱ्हाळातली.
घडी घालताना गुळाचा वास आला,
त्यात आता धूर, मासा
आणि आईच्या केसांचं तेल.

तंबूखालचं गवत पिवळं पडलेलं, चौकोनी,
चार माणसं निजतील एवढं.
मी त्यावर एकदा आडवा झालो.
आई ओरडली, "आत्ताच बदललेत कपडे!"

वाशी नाक्यापर्यंत कुणी बोललं नाही.
मग रंकाळ्याचे दिवे,
आणि काचेला नाक चिकटवून शलाका,
"ह्यो समुद्र लईच बारका हाय."

रात्री गादीवर झोप येईना.
पाठीखाली डावीकडं
एक दगड असायचा ना,
तो चाचपत राहिलो.