आठाची पाऊणकी

आज चैत्र वद्य अष्टमी. आठाची पाऊणकी सहा.
म्हणजे सहाला दाभोळच्या धक्क्यावर पाणी भरलेलं असेल,
भांगाचं पाणी, आळशी, तिसऱ्या पायरीवरच थांबणारं.
इथं नागपुरात सहाला नळ येतो.
सून हाक मारते, "बाबा, ड्रम लावा."
मी ड्रम लावतो
आणि आतली चढती रेघ बघत उभा राहतो.
बत्तीस वर्षं लाँच चालवलेल्या माणसाला
चढतं पाणी नुसतं बघता येत नाही,
हात सुकाणू शोधतात.

मुलगा म्हणतो, समुद्र इथून कुठूनही लांबच.
एका खांबापाशी घेऊन गेला होता, चार घोडे होते तिथं.
म्हणाला, हा देशाचा मध्य.
मी विचारलं, खोल किती?

हिंगण्याच्या अलीकडे एक तलाव आहे, शोधून काढला.
देवकाबाई दिघोरे तिथं शिंगाडा लावते,
उन्हाळ्यात झिंगे धरते.
डोंगा तिचा, डांबर माझ्या हातचं.
मी तिला तिथी सांगतो, ती मला खोली सांगते,
बांबू टेकवून, आकडा न घालता:
इथं छाती. इथं मांडी. इथं गोटा लागते जी, इकून घ्या.
खाडीतही असंच असायचं.
वाळूचे दांडे रात्रीत जागा बदलायचे,
पाण्याचा रंग वाचावा लागे,
चहाचा रंग खोल, ताकाचा उथळ,
आणि बगळा उभा दिसला की नाळ फिरवायची,
कारण बगळा पोहत नाही.

एकदा पौर्णिमेच्या सुकतीला वऱ्हाडासकट रुतलो,
वाशिष्ठीच्या पोटात, दुपारी चार वाजता.
साठ माणसं, दोन ताशे, एक नवरा.
नवऱ्याचा काका म्हणाला, उतरून ढकलू.
म्हटलं, उतरायचं नाही. चिखल माणूस ठेवून घेतो.
विडी पेटवली.
गोरज मुहूर्त कालवांवरून चालत निघून गेला.
आठ वाजता तळाखाली पाणी कुजबुजलं
आणि लाँच उचलली गेली,
झोपलेल्या पोराला उचलावं तशी.
त्या रात्रीपासून लोक मला शहाणा म्हणू लागले,
मीही.

शेवंतीचा ताप मी तसाच मोजला.
चढला की म्हणायचो, उतरेल.
उतरला की म्हणायचो, बघ.
दापोलीला न्यायला चौथा दिवस उजाडला.

आज दुपारी देवकाबाईचा डोंगा रुतला.
आम्ही दोघं, अर्धी टोपली झिंगे
आणि भोवती पापडासारखा तडकलेला काठ.
मी बसून राहिलो. खिशात विडी चाचपली.
"काय पाहून राहिले जी?"
म्हटलं, पाणी येईल.
ती एवढी हसली की डोंगा हलला.
"येईन नं, बापा. मिरगात येईन.
तवरिक बसता का?"

आठ महिन्यांची सुकती असते या मुलखात,
रोज एक बोट, आवाज न करता.
मला कोणी सांगितलं नव्हतं.
मी पँट वर घेतली
आणि रुतलेल्या नावेतून पहिल्यांदाच पाय बाहेर टाकला.
गुडघ्यापर्यंत गार, काळं.
खाडीला मिठाचा वास, याला शेवाळाचा,
पण चिखल तोच, पाय धरतो नि विचारतो, कोणाचा तू?
ती पुढून दोर ओढत होती, मी मागून खांदा लावला.
पहिल्या हिसक्याला काही नाही.
दुसऱ्याला माझीच कंबर बोलली.
तिसऱ्याला डोंगा सुटला,
माझी एक चप्पल तिथंच राहिली.
देवकाबाई वाकून शोधू लागली.
म्हटलं, राहू दे.

घरी आलो तर पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा झालेला.
सून म्हणाली, "आता पाय कशानं धुणार, नळ कधीचा गेला."
ड्रममध्ये वाकून पाहिलं,
सकाळच्या रेघेपेक्षा चार बोटं खाली.
एक तांब्या घेतला. अर्धा परत ओतला.

उद्या नवमी. नवाची पाऊणकी पावणेसात.