अकरा नंबरची काच

भोकरदन नाक्यावर लिंबाजीमामाचं दुकान.
ग्रिल, गेट, ट्रॉलीचे हुक.
मास्क खिळ्याला. काच चरे पडून आंधळी झालेली.
"टाका कुठं पडायलाय ते दिसत नाही त्यातून."

रात्री डोळ्यांत वाळू.
मामी बटाट्याच्या चकत्या कापते,
दोन पापण्यांवर दोन,
बाकीच्या भाजीत.

मी संभाजीनगरला, प्रयोगशाळेत
पांढरे उंदीर उजेडात ठेवते.
काहींना साधं पाणी, काहींना
हायड्रोजन विरघळलेलं.
मग दृष्टिपटलाचे काप, जांभळा रंग,
आणि मोजणी: किती पेशी उरल्या.
दुसऱ्या गटात जरा जास्त.
"जरा" हा शब्द मॅडमनी
वहीत दोनदा अधोरेखित केलाय.

फोनवर मामाला सांगितलं.
"वास कसला येतो त्याला?"
वास नाही, रंग नाही. सगळ्यात हलका.
झाकण सैल राहिलं की निघून जातो,
मागं नुसतं पाणी.
"म्हंजे आमच्या उधारीच्या गिऱ्हाइकासारखा."
हसला. मग हळूच,
"एखादी बाटली आणशील का?"

उंदरांचं आहे मामा.
माणसांचं अजून कुणाला ठाऊक नाही.

पलीकडे बराच वेळ नुसता ग्राइंडर.

शनिवारी गेले.
पिशवीत अकरा नंबरची काच, कागदात गुंडाळलेली.
त्यानं मास्कमध्ये बसवली, ठिणगी पाडली.
दिसायलंय का?
"आधी काळोख," आतून आवाज आला.
"थांब... हां. टाका."

त्या रात्री मामीनं सगळा बटाटा भाजीत घातला.
दोन चकत्या तेवढ्या
ताटलीखाली झाकून ठेवल्या.