तांब्या धरणारा

शुभवर्तमानात त्याचं नाव नाही.
पिलातानं पाणी घेतलं, लोकांसमोर हात धुतले, एवढंच.
पण दोन्ही हात धुवायचे तर
तांब्या कोणीतरी धरलाच असणार.
कोणीतरी पहाटे तो घासला असणार राखेनं,
आणि साहेबांचा मूड कसा आहे
ते भुवयांवरून ओळखलं असणार.

मला ठाऊक आहे, कारण एकतीस वर्षं
सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात मी तेच केलं,
एलिया नवगिरे, शिपाई, पितळी बिल्ला क्रमांक चौदा.
दाराशी उभं राहून तीनदा पुकारा
आणि दुपारी दोनला
साहेबांच्या हातावर पाणी.

यंदा गुड फ्रायडेला मेकोसाबागेत
तरुण संघानं पिलाताचा प्रवेश बसवला.
पिलात झाला दातांच्या दवाखान्यातला कुंदन,
अंगावर बायकोची जांभळी साडी, सेफ्टी पिना लावून.
पाळकबाई म्हणाल्या, "नवगिरे काका, तुम्ही नुसता तांब्या धरा.
बोलायचं काही नाही."

बोलायचं काही नाही.
तेच तर जमत आलंय.

सुखरू मडावीही फार बोलायचा नाही.
पारशिवनीकडचा, कालव्यावर रोजीनं लागलेला.
वाहून चाललेल्या पोराला त्यानं केसाला धरून ओढून काढलं.
पोर जगलं.
पोराच्या कानातली बाळी मात्र सापडली नाही.
सोन्याची, दीड ग्रॅमची.
"मी तं पोराले काढलो जी," तो म्हणाला,
पहिल्या तारखेला, दुसऱ्या तारखेला.
मग म्हणायचा थांबला.
पिंजऱ्यात उभा राहून
वरच्या पंख्याकडे बघायचा,
पंखा बंद असला तरी.

पुरावा नव्हता. साहेबांना ते दिसत होतं.
एकदा हात पुसता पुसता मलाच म्हणाले,
"हा काही चोर वाटत नाही, नवगिरे."
मी टॉवेल घडी केला.
पुढची तारीख पडली.
जामिनाला माणूस नव्हता, पैसे तर नव्हतेच.
वर्धा रोडवरच्या त्या भिंतीआड
त्याचे दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या एका मंगळवारी,
मी दोनदा पुकारा केला
आणि जेलचा हवालदार कानाशी येऊन बोलला,
"राहू द्या. रात्रीच गेला. उलट्या होत होत्या."
मी आत जाऊन सांगितलं.
साहेब फाइलीतून मान न उचलता म्हणाले,
"पुकारा पूर्ण करा."
मी पूर्ण केला.
मेलेल्या माणसाला हाक मारली, ठणठणीत आवाजात,
व्हरांड्यातले वकील वळून बघतील अशी.

प्रभू, राग मानू नका,
पण तुम्हाला एक तरी वाक्य मिळालं.
"याच्या ठायी मला काही अपराध दिसत नाही,"
भर चौकात, मोठ्यानं, खुद्द न्यायाधीशाच्या तोंडून.
सुखरूला तेही नाही.
त्याच्या फाइलीवर नुसतं
'आरोपी मयत. प्रकरण बंद.'
आणि त्या दुपारीही
दोन वाजता मी पाणी घातलं.

तर कुंदननं हात पुढे केले.
कूलर घरघरत होता, वाळा ओला,
मागच्या बाकावर कोणाचं तरी लेकरू रडत होतं.
मला वाटलं होतं, मी थांबेन.
आठवडाभर मनाशी ठरवलं होतं, ओतायचं नाही,
उभं राहायचं, होऊ दे फजिती.
खोटं कशाला सांगू, नाही थांबलो.
मनगट आपोआप वळलं,
धारही कशी, एक थेंब बाहेर नाही.

उपासना संपली. घंगाळ घेऊन मागच्या दारी गेलो.
त्रेचाळीस डिग्री. पायरी तव्यासारखी.
हे पाणी ओतायचं कुठे, कळेना.
त्या दुसऱ्या शिपायालाही कळलं नसेल.
खाली ठेवलं तसं
संडासाच्या सावलीतून एक खरजुलं कुत्रं आलं
आणि प्यायलं, लपालपा, तळ दिसेपर्यंत.
तोंड वर करून माझ्याकडे पाहिलं,
अजून आहे का.

मी गेटकडे वळलो.
रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.
सुखरू मडावी हाजीर हो, म्हटलं.
मग पुन्हा एकदा म्हटलं.

तिसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यानंतर फाइल बंद होते.